कासव लागलंय

सरांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. त्यांच्या शाळेच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक सरांच्या. त्या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर शहरातली निम्मी माणसं रस्त्याला लागली. डॉक्टर, वाणी, नवरे सोडून आलेल्या बायका, नवरे शोधायला निघालेल्या मुली, सगळे सरांच्या शेजारी बसून घाम पुसत क्लच सोडायला शिकले. शिकवायची रीत एकच. "गिअर कधी बदलायचा ते मला विचारू नकोस, इंजिनला विचार. ते केव्हापासून ओरडून सांगतंय. ऐकू येत नसेल तर आधी तोंड बंद कर."

त्यांच्या बायकोला मात्र गाडी आली नाही. लग्नानंतर सरांनी एकदा शिकवून पाहिलं. चौकाच्या मधोमध तिने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सर म्हणाले, "तू आपली बालवर्गातच बरी." ती खरोखरच बालवर्गाची बाई होती. वयाची साठी उलटून निवृत्त झाली, तरी गल्लीतले लोक तिला बाईच म्हणायचे.

सरांनी शाळा एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केली, आणि पाठोपाठ त्यांच्या डिझेलच्या गाडीनेही राम म्हटला. लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिने आईबाबांसाठी विजेवर चालणारी गाडी पाठवून दिली आणि ती शिकवायला स्वतः रजा काढून आली.

पहिल्या दिवशी सर ऐटीत बसले, ब्रेक दाबला, बटण दाबलं आणि वाट बघत राहिले.

"चालू होत नाहीये," ते म्हणाले.

"झालीय बाबा. तो हिरवा शब्द बघा. रेडी लिहिलंय ना, म्हणजे गाडी चालू आहे."

"ह्याला चालू म्हणतात? मेलेल्या माणसाची नाडी ह्याच्यापेक्षा जोरात लागेल."

लेक हसली. मग तिने सगळे दिवे समजावून सांगितले. हिरवा नि निळा नुसती माहिती देतो, घाबरायचं नाही. पिवळा लागला तर लक्ष द्यायचं, जमेल तितक्या लवकर दाखवून घ्यायचं. लाल लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवायची, पुढे न्यायचीच नाही. "आणि बाबा, ह्या गाडीत आवाजावर जाऊ नका. आवाज नाहीच. जे सांगायचं ते ती ह्या स्टिअरिंगमागच्या काचेवरच सांगते."

बाई मागच्या सीटवर बसून ऐकत होती. बालवर्गाची सवय, चित्र दिसलं की तिच्या तोंडून नाव निघायचं. हवा कमी झाल्याचा दिवा म्हणजे घोड्याची नाल. चार्जिंग संपत आल्याचा म्हणजे शेपटीवाला प्लग. मोठ्या बॅटरीत काही बिनसलं की लागतो तो लाल दिवा म्हणजे रागावलेली पेटी. आणि एक छोटंसं पिवळं कासव होतं.

"हे कशाला?" बाईने विचारलं.

"बॅटरी फार उतरली किंवा फार गारठली की गाडी आपली ताकद आपणच कमी करते. कितीही दाबलं तरी पळत नाही. म्हणून कासव."

"बघा, कासव लागलं की पळायचं नाही," बाई सरांना म्हणाली. सर खिडकीबाहेर बघत होते. लेकीने एकेक दिवा दाखवून पुन्हा विचारलं तर ते चिडले. "मला काय शिकवतेस? माझ्या हाताखालून किती माणसं गेली माहीत आहे?" माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीकडून शिकायचं म्हणजे सरांना कमीपणा वाटत असणार, असं दोघी धरून चालल्या.

लेक गेली, गाडी राहिली. आणि गाडीची गरजही होती. बाईची थोरली बहीण, आक्का, डोंगरापलीकडच्या गावात राहायची. पक्षाघाताने तिची एक बाजू गेली होती. सून दिवसभर कामावर. दर आठवड्याला बाई जायची, आक्काला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, नखं कापायची. आक्काला बोलता येत नव्हतं, पण बाई दिसली की तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागायची आणि शेवटचा चढ पायी. बाईचे गुडघे त्याला तयार नव्हते.

एका सकाळी गाडी निघाली आणि बाईला काचेवर पिवळी नाल दिसली. सर काहीतरी बोलतील म्हणून ती गप्प राहिली. सर बोलले नाहीत. दोन चौक गेले.

"अहो, नाल लागलीय."

"कुठे?" सरांनी थेट काचेकडे पाहिलं. दिवा त्यांच्या नाकासमोर होता. मग त्यांनी मान वळवली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी तिरकी, आणि म्हणाले, "हां हां. बघितलाय मघाशीच."

हवा भरायच्या जागी त्यांनी नळी चाकाला लावली ती अचूक, हाताने चाचपून. आकडा मात्र बाईला वाचायला लावला. "माझा चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

त्यानंतर बाई नवऱ्याकडे बघायला लागली. इतकी वर्षं संसार केला, पण इतकं लक्ष देऊन बघण्याची वेळ आली नव्हती. तिला दिसलं की ते वर्तमानपत्र उघडतात आणि पानं उलटून ठेवून देतात. चहा ओतताना बोट कपाच्या आत धरतात. जिना मात्र धडधड उतरतात, आणि लांबच्या तारेवर पाखरू बसलं तर डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना ते दिसतं. एकदा जेवताना ते तिच्याशी बोलत होते आणि बोलणं सगळं तिच्या कानाशी चाललं होतं.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "काय दिसतंय?"

सरांनी घास ताटात ठेवला. "केस दिसतात. कान दिसतो."

"आणि?"

"मधलं नाही दिसत. धुरकट आहे. काचेवर कोणी अंगठा फिरवावा तसं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. जुनी गाडी होती तेव्हापासून. त्या चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी नाही गेलो."

"का?"

"गेलो असतो तर त्यांनी गाडी बंद करायला सांगितली असती. जुन्या गाडीत काही अडत नव्हतं गं. ती सगळं कानात सांगायची. ही मुकी आहे."

बाई म्हणाली, आता चालवणं सोडा. सर हळू आवाजात, अगदी पटवून द्यावं तसं म्हणाले, "रस्ता दिसतो मला. कडा दिसतात, पट्टे दिसतात, येणारी गाडी दिसते. फक्त हे काचेतलं दिसत नाही. तेवढं तू सांगत जा."

"मी लेकीला सांगते."

"सांग की. पण मग आक्काकडे कशी जाशील?"

त्यांनी हे धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. बाईलाही पडला. आक्काचे केस तिच्या डोळ्यांपुढे आले, आठवडाभर न विंचरलेले, उशीला चिकटलेले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं. ती उठली आणि ताटं उचलायला लागली.

तिथून पुढे बाई सरांचे डोळे झाली. गाडीत बसली की आधी म्हणायची, "हिरवा." मग सर निघायचे. वाटेत ती गप्पा मारल्यासारखी सांगत राहायची. "पन्नास. साठ झाले. जरा कमी करा. बॅटरी अर्धी आहे. वळायचा दिवा चालू राहिलाय." कोणी मागे बसलेलं असलं तर आकडे बोलण्यात मिसळून टाकायची. लेकीचा फोन आला की सर कौतुकाने सांगायचे, "तुझी आई आता गाडीतली पंडित झालीय, सगळे दिवे तोंडपाठ." लेक म्हणायची, "वा, आई!" आणि बाई हसायची. हसण्यावाचून तिला काय करता येणार होतं?

ती शेजारी बसायची ती दोन्ही पाय ताठ करून. कुठे खड्डा आला, कुठे कुत्रं आडवं आलं की तिचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे रबरी चटईशिवाय काही नव्हतं. घरी आल्यावर पोटऱ्या दुखायच्या.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. शाळा चालवणाऱ्या त्या जुन्या विद्यार्थ्याकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, मी कोण सरांना सांगणार? माझा कान पिरगाळून शिकवलंय त्यांनी मला." लेकीला फोनवर म्हणाली, "बाबांचे डोळे एकदा नीट तपासायला हवेत." लेक कामात होती. "वय झालं ना आई, नंबर वाढला असेल. नवा चष्मा करून घ्या." बाईला तेव्हा सगळं बोलून टाकता आलं असतं. सर पलीकडच्या खुर्चीत बसले होते, मान तिरकी करून. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. एकदा तिने किल्ली लपवली. सर दिवसभर नुसते दारातल्या गाडीजवळ जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. संध्याकाळी तिनेच किल्ली खुंटीवर अडकवली.

एकदा दगडी खांबाला आरसा घासला. सर म्हणाले, खांबच पुढे आलाय. दोघं हसले. आरशावरच्या ओरखड्याकडे बाईने कानाडोळा केला. ती एक गोष्ट तिला चांगली जमायला लागली होती.

हिवाळ्यात आक्काला ताप भरला. सुनेचा फोन आला, ती पाणीसुद्धा तोंडात धरत नाहीये, जमलं तर या. सरांनी लगेच जोडे घातले. चार्जिंगची वायर रात्री नीट बसली नव्हती हे बाईला काच उजळल्यावर कळलं.

"अहो, बॅटरी पाव भागसुद्धा नाहीये."

"पुरेल. तिथे गेल्यावर लावू."

"थंडी आहे. वारा आहे. लेक म्हणाली होती, थंडीत लवकर उतरते."

"तुला जायचंय की नाही?" सर म्हणाले. तिला जायचं होतं.

सपाटीवर सगळं ठीक होतं. डोंगर लागला आणि समोरून वारा सुरू झाला. बाईने आपण होऊन गाडीतली ऊब बंद केली. दोघांच्या तोंडातून वाफा निघायला लागल्या. आकडा उतरत होता, तशी ती सांगत होती. शेपटीवाला प्लग पिवळा झाला, तेही तिने सांगितलं.

"उतार लागला की भरून निघेल थोडी," सर म्हणाले. ते खरं होतं, लेकीनेच सांगितलं होतं. पण उतार अजून लांब होता.

मग गाडी एकदम मऊ पडली. दम लागलेल्या माणसाने पायरीवर पाय ठेवावा आणि उचलूच नये, तसं झालं. मागे ट्रकचा भोंगा वाजला.

"काय झालं?" सरांनी पाय तळापर्यंत दाबला. "का जात नाहीये? काय म्हणतेय ती?"

"कासव लागलंय."

"कासव म्हणजे?"

किती वेळा तिने ते पढवून घेतलं होतं. ह्या क्षणी सरांच्या डोक्यातून ते साफ पुसलं गेलं होतं. त्यांची मान एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला वळत होती. ट्रक आणखी जवळ आला. दुसरा भोंगा, तिसरा.

"ताकद कमी केलीय गाडीने. कडेला घ्या."

"कड मोकळी आहे का?"

बाईने पाहिलं. वळणापर्यंत कड रुंद होती, मोकळी दिसली. "आहे. घ्या," ती म्हणाली. तेवढ्यात काचेवर लाल काहीतरी उजळलं. ती वाकली. पेटी होती का, की तो दुसरा, ब्रेकचा? लाल म्हणजे थांबायचं, हे तिला ठाऊक होतं, पण कशासाठी ते वाचायला ती खाली वाकली. तेवढा वेळ त्या गाडीतलं कोणीच समोर बघत नव्हतं.

आवाज फार मोठा झाला नाही. डबा उलटावा तसा झाला. गाडीच्या पुढच्या मोठ्या काचेवर पांढरा रंग पसरला आणि ओघळायला लागला.

वळणाशी रस्त्याच्या कडेला एक माणूस पाठमोरा बसून पांढरा पट्टा रंगवत होता. त्याने ठेवलेले लाल शंकू थोडे पुढे होते, वळणापलीकडे. बाई दार उघडून उतरली तेव्हा तो रस्त्यावर पडलेला होता आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. तो ओरडत नव्हता. आश्चर्य वाटल्यासारखा पायाकडे बघत होता. बाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"मी आवाजावर असतो," तो तिला म्हणाला, जणू चूक त्याचीच होती आणि तिला ती समजावून सांगायची होती. "गाडी आली की आवाज येतो, मी सरकतो. इतकी वर्षं हेच काम करतोय. आज ट्रकचा आला, तो लांब होता. तुमचा आलाच नाही."

"बोलू नका," बाई म्हणाली.

सर गाडीला धरून उभे होते. "कोण आहे?" ते विचारत होते. "लागलं का फार? अगं, बोल ना. किती लागलंय?"

ट्रकवाल्याने वरच्या चौकीवर सांगितलं, तिथून पोलिसांची गाडी आली. तरणा अधिकारी उतरला, त्याने आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग वाकून बटण दाबलं आणि सरांची गाडी बंद करून टाकली. वळून पाहिलं तर त्याचा चेहरा बदलला.

"सर? तुम्ही?"

सरांनी आवाज ओळखला. त्याचं नाव घेतलं नाही, पण म्हणाले, "मागे घेताना नेहमी घाबरायचास, तो तू."

"हो सर." अधिकाऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. "सर, काय झालं? गाडीत बिघाड झाला का?"

"कासवाचा दिवा लागला," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज परत शाळेतला झाला होता. "ताकद गेली. मागे ट्रक. मग लाल दिवा लागला. लाल लागला की थांबवायची, म्हणून मी नियमाप्रमाणे कडेला घेतली."

"बरोबर आहे. अशा तक्रारी येतात ह्या गाड्यांच्या," अधिकारी म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. "गाडीचाच दोष. तसंच नोंदवून घेऊ. काळजी करू नका सर."

रंगवणाऱ्याचं डोकं अजून बाईच्या मांडीवर होतं. त्याने डोळे मिटले होते, पण तो ऐकत होता. तिला त्याचा श्वास हाताला लागत होता. वाऱ्याने रंग सुकायला लागला होता, तिच्या साडीवर, त्याच्या केसांत. तिला वाटलं, आता दुसरं कोणीतरी बोलेल. सर बोलतील. 

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याला कळलं नाही. "काय बाई?"

"मधलं दिसत नाही त्यांना. दिवे मी सांगते. आजही मीच सांगितले. मी खाली दिव्याकडे बघत होते म्हणून हे झालं."

सर वळले. त्यांचं तोंड तिच्या दिशेला होतं, पण थोडं बाजूला. "तिला काय कळतंय गाडीतलं," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "घाबरलीय ती. मी स्वतः पाहिले दिवे."

अधिकाऱ्याने सरांच्या तिरक्या मानेकडे पाहिलं. मग त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं. "सर, माफ करा. जरा आत बसता? फक्त सांगा, आत्ता कोणता दिवा लागलाय."

सर बसले. पाठ ताठ केली. मान थोडी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. बाईला तिच्या बाजूच्या उघड्या दारातून दिव्यांची काच दिसत होती. तिच्या ओठांवर शब्द आला होता, सवयीने. तो तिने गिळला.

"कासवच आहे," सर म्हणाले. "पिवळं."

काच काळी होती. गाडी बंद होती आणि एकही दिवा लागलेला नव्हता.

 अधिकाऱ्याने सरांच्या कोपराला धरून त्यांना उतरवलं आणि आपल्या गाडीत नेऊन बसवलं. ॲम्ब्युलन्स आली तशी बाई रंगवणाऱ्याबरोबर गेली. आक्काच्या सुनेला तिने वाटेत फोन केला, आज येणं होत नाही म्हणून. ताप उतरलाय, सून म्हणाली, पाणी घेतलंय थोडं. बाईला त्यावर आनंदसुद्धा करता आला नाही.

सरांचा परवाना गेला. खटला उभा राहिला. रंगवणाऱ्याच्या पायात सळ्या घातल्या. तो चालेल, पण उकिडवं बसून काम करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाई त्याला भेटायला जायची. त्याच्या बायकोने तिला कधी वेडंवाकडं बोलून दाखवलं नाही, स्टूल पुढे करायची, नीट बोलायची. चार शिव्या दिल्या असत्या तर बाईला परतीची वाट सोपी झाली असती.

लेक आली आणि गाडी घेऊन गेली. जाण्याआधी ती स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "तू डोळ्यांचं म्हणाली होतीस. मीच ऐकलं नाही." बाईने ओल्या हाताने तिच्या गालाला स्पर्श केला. मी पूर्ण सांगितलंच नव्हतं, हे तेव्हाही तिच्या तोंडून निघालं नाही.

सर घरात वावरत होते, जेवत होते, हाक मारली तर ओ देत होते. त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नव्हते. बाई आता आक्काकडे बसने जायची, महिन्यातून एखाद्या वेळी, गुडघ्यांना पट्टे बांधून. सर तिला स्टॉपपर्यंत सोडायलाही येत नसत.

शेवटी लेकीने वेळ ठरवून दिली म्हणून दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीण लहान वयाची होती, हळू बोलायची. तिने सरांची हनुवटी यंत्रावर टेकवली, दोन्ही डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. एका डोळ्यातलं मधलं गेलंय ते आता येणार नाही, ती म्हणाली. दुसऱ्यात इंजेक्शनं देत राहू, आहे तेवढं टिकेल कदाचित. "सुरुवातीलाच आला असतात तर दोन्ही बरेचसे वाचले असते," ती म्हणाली, आणि लगेच तिलाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं, कारण ती खाली बघून लिहायला लागली.

बाहेर बसस्टॉपवर बाक होता. दोघं बसले. समोरून गाड्या जात होत्या, आवाजाच्या आणि बिनआवाजाच्या. सर मान तिरकी करून त्या बघत होते.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले. त्या दिवसानंतर प्रथमच. "जेवताना विचारलंस तेव्हाच. मग मला ओढून का नाही आणलंस इथे?"

बाईने पर्स मांडीवर घट्ट धरली. "आला असतात?"

सरांनी विचार केला. खरोखरच केला, कोणा विद्यार्थ्याने अडचणीचं काही विचारल्यावर करायचे तसा.

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

"पण तू ओढायला हवं होतंस."

  ते म्हणाले ते खरं होतं आणि ती म्हणाली तेही खरंच होतं, आणि दोन्ही खरं असून कोणाचाच डोळा परत येणार नव्हता, की कोणाचा पाय.

बस आली. दार उघडलं. सर उठले आणि पुढे न जाता उभे राहिले, एक हात थोडासा हवेत, कोणाच्या दिशेने ते कळेल न कळेल असा. बाईने तो धरला. आत गर्दी होती. एकच जागा रिकामी होती, तिथे तिने त्यांना बसवलं आणि ती वरचा दांडा धरून त्यांच्या शेजारी उभी राहिली.